डॉ. फ्रेडरिक बँटिंग आणि इन्सुलिनची जन्मकथा

वाचकहो, १४ नोव्हेंबर हा दिवस आपल्या शाळांतून बालदिन म्हणून साजरा होतो. पंडित नेहरूंच्या तसबिरीला हार घातला जातो, मुलांना खाऊ वाटला जातो, एखाद्या पाहुण्याचे भाषण होते आणि शाळा लवकर सुटते. परंतु याच तारखेला आणखी एका माणसाचा जन्म झाला होता, आणि मुलांवर त्याचेही मोठे उपकार आहेत, हे आपणांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या माणसाचे नाव फ्रेडरिक ग्रँट बँटिंग. त्याच्या जन्मतारखेवरूनच १९९१ सालापासून १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो. आजच्या या लेखात आपण त्याची ओळख करून घेऊ.

पण त्याआधी ज्या रोगाशी त्याची गाठ पडली त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले, चहात साखर नको म्हणणारे गृहस्थ उभे राहतात. मी सांगतो आहे तो मधुमेह निराळा. त्याला डॉक्टर पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. तो बहुधा मुलांना आणि तरुणांना गाठतो. गोड जास्त खाल्ल्याने तो होत नाही, आईबापांच्या चुकीने होत नाही आणि कोणाच्या नजरेनेही होत नाही. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी आहे. तिच्यात बारीक बारीक बेटांसारखे पेशींचे पुंजके असतात आणि त्यांतून इन्सुलिन हा रस थेट रक्तात उतरतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच काही कारणाने या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. मग रक्तात साखर भरपूर, पण शरीराला ती वापरता येत नाही, अशी अवस्था होते. घरात धान्याची कोठी भरलेली आणि तिची किल्ली हरवलेली, असे समजा. मूल खूप पाणी पिते, वारंवार लघवीला जाते, भरपूर खाऊनही रोडावत जाते. पुढे श्वास जोरजोराने चालू लागतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, आणि शुद्ध हरपते.

येथे एक कबुली देतो. मी पेशाने शिक्षक. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगा तासातासाला लघवीला जाण्याची परवानगी मागे आणि माठाजवळ जाऊन पाणी पीत राही. मी त्याला कामचुकार समजलो आणि एक दिवस बाकावर उभे केले. आठवड्याभरात तो बेशुद्ध अवस्थेत इस्पितळात दाखल झाला. खुदाच्या मेहेरबानीने तो वाचला, आज तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे. पण त्या दिवसापासून या रोगाविषयी जे मिळेल ते मी वाचू लागलो आणि वाचता वाचता बँटिंगपर्यंत येऊन पोहोचलो.

कॅनडा देशाच्या ओंटारिओ प्रांतात ॲलिस्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील एका शेतकऱ्याच्या घरी १८९१ साली बँटिंगचा जन्म झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. अभ्यासात तो हुशार नव्हता. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण थोर माणसांची चरित्रे लिहिताना त्यांना बालपणीच तेजस्वी ठरविण्याची आपल्याकडे खोड आहे. १९१० साली तो टोरांटो विद्यापीठात गेला आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. पुढे खटपट करून १९१२ मध्ये त्याने वैद्यकीय शाखेत प्रवेश मिळविला. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले. सैन्याला डॉक्टर हवे होते म्हणून अभ्यासक्रम घाईने उरकण्यात आला आणि १९१६ च्या अखेरीस तो डॉक्टर होऊन बाहेर पडला. १९१८ मध्ये फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या उजव्या हातात घुसला, तरी तो बराच वेळ इतर जखमींवर उपचार करीत राहिला. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

युद्धावरून परतल्यावर त्याने टोरांटोच्या मुलांच्या इस्पितळात शस्त्रक्रियेचे शिक्षण पुरे केले. पण तेथे कायमची जागा मिळाली नाही. तेव्हा १९२० च्या जुलैत त्याने ओंटारिओ प्रांतातीलच लंडन या शहरात (इंग्लंडची राजधानी नव्हे) एक घर घेऊन दवाखाना थाटला. रोगी येईनात. पहिल्या महिन्याची कमाई अवघी चार डॉलर! चार पैसे मिळावेत म्हणून त्याने तेथील वैद्यकीय महाविद्यालयात अर्धवेळ शिकविण्याचे काम पत्करले. आणि या नाइलाजाच्या शिकवणीतूनच पुढचे सारे घडले.

३० ऑक्टोबर १९२० ची रात्र. शरीर साखरेचा वापर कसे करते या विषयावर त्याला विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान द्यावयाचे होते. या विषयात त्याची गती बेताचीच. तयारी करून तो अंथरुणावर पडला आणि झोपण्यापूर्वी नुकतेच आलेले शस्त्रक्रियेचे मासिक चाळू लागला. त्यात मोझेस बॅरन नावाच्या डॉक्टरचा एक लेख होता. स्वादुपिंडाची नळी खड्याने बंद झाली तर पाचकरस तयार करणाऱ्या पेशी मरतात, परंतु ती बेटे मात्र शाबूत राहतात, असे त्या लेखात दाखविले होते. बँटिंगला झोप येईना. रात्री दोन वाजता उठून त्याने वहीत काही ओळी खरडल्या. कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधावी, पाचक पेशी झडून जाईपर्यंत वाट पाहावी आणि उरलेल्या बेटांतून तो रस काढून पाहावा, असा त्यांचा आशय. त्या टिपणात डायबेटिस या शब्दाचे स्पेलिंगही त्याने चुकविले होते.

वाचकहो, ही कल्पना अगदी नवी होती असे नाही. स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या जर्मन संशोधकांनी १८८९ सालीच दाखविले होते. तेव्हापासून अनेकांनी तो रस काढण्याचा प्रयत्न केला होता. रुमानियातील पॉलेस्कू नावाचे प्राध्यापक तर यशाच्या अगदी जवळ पोहोचले होते आणि १९२१ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापलेही. त्यांच्या पदरी द्यावे तेवढे श्रेय जगाने टाकले नाही असे मला वाटते. मग बँटिंगचे वैशिष्ट्य काय? त्याला या विषयाचे ज्ञान कमी होते, आणि म्हणून पूर्वीच्या अपयशांची भीतीही कमी होती.

८ नोव्हेंबर १९२० रोजी तो टोरांटोला प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेला. मॅक्लाउड हे स्कॉटलंडचे, साखरेच्या चयापचयातील जगन्मान्य अधिकारी. समोर बसलेल्या या अडखळत बोलणाऱ्या शस्त्रवैद्याचा अभ्यास किती कच्चा आहे हे त्यांच्या ध्यानी येण्यास वेळ लागला नाही. तरीही त्यांनी त्याला वाटेला लावले नाही. उन्हाळ्याच्या सुटीत प्रयोगशाळा, दहा कुत्री आणि एक विद्यार्थी मदतनीस देण्याचे त्यांनी कबूल केले. तो मदतनीस म्हणजे चार्ल्स बेस्ट, वय बावीस. दोन विद्यार्थ्यांपैकी आधी कोणी जावे हे नाणे उडवून ठरविले असे सांगतात, आणि कौल बेस्टच्या बाजूने पडला. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. पहिले धडे देऊन मॅक्लाउड महिन्याभरात स्कॉटलंडला निघून गेले.

तो उन्हाळा फार वाईट गेला. माडीवरच्या कोंदट खोलीत उकाडा आणि दुर्गंधी. कुत्र्यांमागून कुत्री मरत होती. दिलेली दहा संपली तेव्हा आणखी विकत आणावी लागली. बँटिंगला पगार नव्हता. त्याने लंडनचे घर विकले, मोटार विकली. अखेर ३० जुलै रोजी स्वादुपिंड काढलेल्या एका कुत्र्याला त्यांनी आपला अर्क टोचला आणि त्याच्या रक्तातील साखर उतरली. पुढे मार्जोरी नावाची एक कुत्री अशा टोचण्यांवर सत्तर दिवस जगली. मुक्या जनावरांचे हे हाल वाचताना मन कष्टी होते, आणि बँटिंगचेही होत असे. शेतकऱ्याचा मुलगा होता तो. पण मधुमेही मुले कशी मरतात हेही त्याला ठाऊक होते.

ती कशी मरत हे आता सांगितले पाहिजे. त्या काळी या रोगावर एकच उपाय होता, उपासमार! अमेरिकेतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी ही पद्धत रूढ केली होती. साखर शरीराला वापरता येत नाही, तर अन्नच कमी द्यावे. मुलांना दिवसाला तीनचारशे कॅलरी, म्हणजे आपल्या मापाने दोनतीन चपात्यांइतके अन्न मिळे. पाण्यात तीनदा उकळून सत्त्व काढून टाकलेल्या भाज्या पोट भरल्यासारखे वाटावे म्हणून देत. एखादे मूल पक्ष्याच्या पिंजऱ्यातील दाणे किंवा दात घासण्याची पेस्ट चोरून खाई. डॉ. ॲलन क्रूर नव्हते. वर्षभर जगविलेल्या रोग्याला उद्या कदाचित औषध सापडेल, या आशेवर ते दिवस पुढे ढकलत होते. आईबापांसमोर निवड एवढीच होती की मूल आज रोगाने गमवावे की पुढल्या वर्षी भुकेने.

मॅक्लाउड परतले आणि त्यांनी पुढील कामात जेम्स कॉलिप या कुशल रसायनशास्त्रज्ञास घेतले. येथे एक गमतीची गोष्ट नमूद करतो. बँटिंगची मूळ कल्पना चुकीची ठरली! नळी बांधून सातआठ आठवडे थांबण्याची गरजच नव्हती. खाटिकखान्यातून आणलेल्या गाईबैलांच्या ताज्या स्वादुपिंडातून मद्यार्काच्या साहाय्याने तो रस सरळ काढता येत होता. तर्क चुकला, पण त्या तर्काच्या मागे लागलेला माणूस योग्य ठिकाणी जाऊन पोहोचला.

टोरांटो जनरल इस्पितळात लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. वजन ६५ पौंड, म्हणजे तीस किलोही नाही. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला पहिली टोचणी देण्यात आली. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झाले. प्रयोग थांबवावा लागला. नंतरचे बारा दिवस कॉलिपने रात्रीचा दिवस करून अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा टोचण्यास सुरुवात झाली आणि या खेपेस लघवीतील साखर जवळजवळ नाहीशी झाली. मुलगा उठून बसला, हिंडू लागला. तो पुढे तेरा वर्षे जगला. लॅटिन भाषेत बेटाला इन्सुला म्हणतात. त्यावरून या औषधाचे नाव इन्सुलिन पडले.

याच दिवसांत प्रयोगशाळेत बँटिंग आणि कॉलिप यांची हातघाईवर आलेली भांडणे झाली, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. कॉलिपने शुद्धीकरणाची रीत सांगण्यास नकार दिला आणि बँटिंगच्या संतापाला पारावार राहिला नाही. बँटिंग स्वभावाने संशयी आणि तापट होता. मॅक्लाउड आपले श्रेय लाटतील या भीतीने त्याला ग्रासले होते. सभेत त्याला नीट बोलता येत नसे. डिसेंबर १९२१ मध्ये विद्वानांच्या परिषदेत तो अडखळला तेव्हा मॅक्लाउडनी उठून उत्तरे दिली, आणि ते सावरून घेणेही त्याला चोरीच वाटली.

औषध सापडले, पण पुरेसे कोठे होते? मोठ्या प्रमाणावर करायला गेले की अर्क बिघडे. १९२२ च्या वसंतात तर काही आठवडे कॉलिपलाही तो जमेना. आणि बातमी सर्वत्र पसरली होती. रोज पत्रे येत, आईबाप दारात उभे राहत. कोणाला द्यावे आणि कोणाला नाही? न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरने आपल्या पाच वर्षांच्या पुतण्यासाठी, टेडी रायडरसाठी, रदबदली केली. बँटिंगने सप्टेंबरात या असे सुचविले. तोपर्यंत टेडी उरणार नाही, असे काकाने सांगितले, आणि जुलैतच तो मुलगा टोरांटोला आला. वजन २६ पौंड.

ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज आली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची ही कन्या. वयाची पंधरा वर्षे भरण्यास काही दिवस उरले होते आणि वजन ४५ पौंड. तिने तीन वर्षे डॉ. ॲलन यांच्या उपासमारीत काढली होती. इन्सुलिन सुरू होताच तिच्या ताटात पाव आला, बटाटे आले. काही आठवड्यांत तिच्या अंगावर मांस चढले. पुढे ती महाविद्यालयात शिकली, तिचा विवाह झाला, तीन मुले झाली. परंतु वाचकहो, तिने आपला आजार जन्मभर जगापासून लपविला. तिला मधुमेह आहे हे मोजक्याच माणसांना ठाऊक होते. एवढ्या मोठ्या घरातील मुलीला असे करावे लागले, तर आपल्याकडील मुलींची काय कथा! लग्न मोडेल या धास्तीने इन्सुलिनची शीशी कपाटात कपड्यांखाली दडविणारी, सासरी गेल्यावर सुई चुकविणारी मुलगी मी पाहिली आहे. इन्सुलिन चुकले की या रोगात दिवसांतच जीव धोक्यात येतो. एलिझाबेथने रोग लपविला खरा, पण सुई सोडली नाही, हा फरक ध्यानी घ्यावा.

आता एका डॉलरची गोष्ट. या शोधाचे एकस्व हाती ठेवले असते तर बँटिंग कुबेर झाला असता. पण रोग्याच्या औषधावर डॉक्टरने मालकी सांगणे त्याला गैर वाटे. १९२३ च्या जानेवारीत बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन आपले हक्क टोरांटो विद्यापीठाच्या स्वाधीन केले. कोणा एकाच कंपनीच्या मुठीत हे औषध जाऊ नये, हा हेतू. अमेरिकेत एली लिली कंपनीने मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. डेन्मार्कचे नोबेल विजेते ऑगस्ट क्रोग यांच्या पत्नीला मधुमेह होता. ते टोरांटोला येऊन परवानगी घेऊन गेले आणि त्यांच्या देशात उत्पादन सुरू झाले. पुढे हे औषध जगाच्या कानाकोपऱ्यात गेले. एक डॉलरला दिलेल्या या औषधाची किंमत पुढे काही देशांत सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली, हे मात्र बँटिंगच्या मनात नव्हते.

आपल्या घरांत या औषधाविषयी एक अडचण पूर्वी नेहमी निघे. ते गाईबैलांच्या आणि डुकराच्या स्वादुपिंडापासून बनत असे. मग ते घ्यावे की न घ्यावे? जीव वाचविण्यासाठी दुसरा इलाज नसेल तर मुभा आहे असे जाणकार सांगत, तरी मनात खटका राही. आणि आपल्या हिंदू शेजाऱ्यांनाही दुसऱ्या बाजूने तोच खटका असे. ही अडचण विज्ञानानेच सोडविली. १९७८ साली जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्यात यश आले आणि १९८२ पासून ते बाजारात आले. आज सर्वसाधारणपणे मिळणारे इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्ट यांच्यामार्फतच बनते. तेव्हा या कारणाने कोणी सुई नाकारीत असेल तर आपण त्याला ही माहिती जरूर द्यावी.

१९२३ सालचे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लाउड यांना विभागून मिळाले. बँटिंगचे वय ३२ देखील पुरे झाले नव्हते. वैद्यकातील नोबेल इतक्या लहान वयात दुसऱ्या कोणालाही मिळालेले नाही. आनंद व्हावयाचा तर तो भडकला. मॅक्लाउड का आणि बेस्ट का नाही? बक्षीस नाकारण्यापर्यंत मजल गेली. मित्रांनी समजूत घातल्यावर त्याने आपली निम्मी रक्कम बेस्टला देण्याचे जाहीर केले. त्यावर मॅक्लाउडनीही आपली निम्मी कॉलिपला दिली. आज निवांतपणे पाहता चौघांपैकी एकही जण नसता तर लिओनार्ड वाचला नसता, असेच म्हणावे लागते. मॅक्लाउडवर बँटिंगने अन्यायच केला, असे माझे स्पष्ट मत आहे.

इन्सुलिनने मधुमेह बरा झाला का? नाही, आणि हे आईबापांनी नीट समजून घेतले पाहिजे. इन्सुलिन हा इलाज जन्मभराचा आहे. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ते देण्याच्या रीती मात्र पुष्कळ सुधारल्या. आज बहुतेक मुलांना दिवसभर मंद काम करणारे एक इन्सुलिन आणि प्रत्येक जेवणाआधी जलद काम करणारे दुसरे, अशा तीनचार टोचण्या देतात. सिरिंजऐवजी पेन मिळते. तिची सुई इतकी बारीक असते की लहान मूलही सवयीने स्वतः टोचून घेते. कमरेला लावण्याचा पंप मिळतो, तो थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडतो. दंडावर चिकटविण्याची चकती मिळते, ती दिवसरात्र साखर मोजते. आणि ही दोन यंत्रे एकमेकांशी जोडून पंप आपोआप कमीजास्त होईल अशीही सोय झाली आहे. ही साधने महाग आहेत, सर्वांना परवडत नाहीत. परंतु ज्याच्याजवळ साधी शीशी, सिरिंज आणि बोटातील थेंबावर साखर मोजण्याचे यंत्र आहे, आणि ते वापरण्याचे नीट शिक्षण आहे, त्यालाही दीर्घ आयुष्य जगता येते. १९९३ साली अमेरिकेत आणि कॅनडात १४४१ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष बाहेर आला. ज्यांनी दिवसातून अनेकदा साखर मोजून आणि त्याप्रमाणे इन्सुलिन घेऊन ती काबूत ठेवली, त्यांच्यात डोळे बिघडण्याचा धोका तीन चतुर्थांशाने घटला होता, आणि मूत्रपिंडे व नसा यांचे नुकसानही बरेच कमी झाले होते. मात्र साखर वारंवार एकदम उतरण्याचा त्रास त्यांना अधिक झाला. म्हणून मुलाच्या खिशात साखरेच्या पुड्या किंवा ग्लुकोज असावे. हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, मूल बरळू लागले, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता इस्पितळ गाठावे. शाळेतील शिक्षकांना हे माहीत असलेच पाहिजे, आणि अशा मुलाला लघवीला जाण्यास, पाणी पिण्यास किंवा वर्गात डबा उघडण्यास मज्जाव करू नये. ताप किंवा उलट्या झाल्या तरी इन्सुलिन बंद करावयाचे नसते.

स्वादुपिंडाचे किंवा त्यातील बेटांचे रोपणही करता येते, पण त्यासाठी शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागतात, त्यामुळे ते मोजक्यांनाच योग्य. रोग उंबरठ्यावर असताना त्याला काही काळ लांबविणारे टेप्लिझुमॅब नावाचे औषध २०२२ साली अमेरिकेत मान्य झाले आहे. मूळपेशींपासून नवी बेटे बनविण्याचे प्रयोग चालू आहेत. मात्र पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन सोडवून देणारी पुडी, काढा, ताईत किंवा गोळी कोठेही नाही. नुकते इन्सुलिन सुरू झालेल्या काही मुलांत थोडे महिने त्याची गरज अगदी कमी होते. नेमक्या त्याच वेळी कोणी पुडी दिलेली असली की तिला यश मिळाल्याचा भास होतो, इन्सुलिन थांबविले जाते आणि मूल हातचे जाते. रमजानच्या रोज्यांबाबतही असेच. या प्रकारच्या मधुमेहींना डॉक्टर मोठ्या धोक्याच्या गटात धरतात. आजाऱ्याला धर्मानेच सवलत दिली आहे. मूल हट्ट धरील, तरी डॉक्टरांना विचारल्याखेरीज मोठ्यांनी होकार देऊ नये. आणि घरात फ्रीज नसेल तर इन्सुलिनच्या शीशा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाण्याच्या मडक्याच्या गारव्यात ठेवाव्यात. बर्फात ठेवू नयेत, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

बँटिंगकडे परत येऊ. कॅनडाच्या संसदेने त्याला वर्षाला साडेसात हजार डॉलरचे मानधन दिले. टोरांटो विद्यापीठाने त्याच्या व बेस्टच्या नावे संशोधन विभाग काढला. १९३४ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली. परंतु इन्सुलिनसारखे दुसरे काही त्याच्या हातून झाले नाही आणि जगाची अपेक्षा त्याला जाचत राहिली. १९२४ मध्ये झालेला विवाह १९३२ मध्ये मोडला. १९३७ मध्ये त्याने दुसरा विवाह केला. मनाला विरंगुळा होता तो चित्रकलेचा. ए. वाय. जॅक्सन या नामवंत चित्रकाराबरोबर तो बर्फाळ प्रदेशात हिंडे आणि उघड्यावर बसून निसर्गचित्रे रंगवी. १९२७ मध्ये दोघे थेट उत्तर ध्रुवाकडील बेटांपर्यंत जाऊन आले. त्याची चित्रे वाईट नाहीत.

दुसरे महायुद्ध सुरू होताच तो पुन्हा सैन्यात गेला. विमान वेगाने वळले की वैमानिकाची शुद्ध का हरपते, या प्रश्नावर त्याच्या विभागात संशोधन चाले. त्याच कामासाठी २० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री तो एका बाँबफेकी विमानातून न्यूफाउंडलंडहून इंग्लंडला निघाला. थोड्याच वेळात इंजिने बंद पडली आणि विमान मस्ग्रेव्ह हार्बरजवळच्या रानात बर्फावर कोसळले. चौघांपैकी दोघे जागीच गेले. वैमानिक जोसेफ मॅकी वाचला. जबर जखमी झालेला बँटिंग दुसऱ्या दिवशी मदत पोहोचण्यापूर्वीच मरण पावला. वय ४९.

टोरांटोच्या माउंट प्लेझंट दफनभूमीत त्याची कबर आहे. लिओनार्ड थॉम्प्सन त्याच्या आधी सहा वर्षे, १९३५ मध्ये, न्यूमोनियाने गेला होता. एलिझाबेथ ह्यूज १९८१ पर्यंत जगली. २६ पौंडांचा टेडी रायडर १९९३ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी वारला. तोपर्यंत तो सत्तर वर्षांहून अधिक काळ इन्सुलिन घेत होता.